तांबड्या घोड्याची मान

पुरवणी जबाब

मी, खाली अंगठा उठविणार, वय वर्षे ७८, धंदा पूर्वी बुकबाइंडिंग, सध्या घरीच, दोन्ही डोळ्यांनी अंध, राहणार बाइंडिंगच्या दुकानावरील खोली, सोबत एकुलती एक मुलगी. नाव व पूर्ण पत्ता कालच्या फिर्यादीत आहेत, त्यात बदल नाही. समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो ते असे.

काल मी याच ठाण्यात येऊन माझे एक जुने पुस्तक चोरीस गेल्याची आणि त्याच्या जागी हुबेहूब बनावट पुस्तक ठेवल्याची फिर्याद दिली होती. त्यात एका गृहस्थांवर संशय घेतला होता. ते सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसून आहेत. त्यांचा या प्रकाराशी संबंध नाही, हे सांगण्यासाठी आजचा जबाब आहे. फिर्यादीत त्यांच्याबद्दल 'भामटा' असा शब्द आला आहे. तो माझ्याच तोंडचा आहे, तो काढावा. लिहून घेणारे साहेब म्हणतात की एकदा लिहिलेले काढता येत नाही. तर मग तो शब्द मी मागे घेतला, असे लिहावे.

पुस्तक परीकथांचे आहे. भाषा रशियन. ती आमच्या घरात कोणालाही येत नाही. मी नवा नवा कामाला लागलो होतो आणि दुकान माझ्या मालकांचे होते, तेव्हा पियानो शिकवणाऱ्या एक रशियन बाई ते शिवायला देऊन गेल्या. पाने सुटी झाली होती. मी ती शिवली. बाई न्यायला आल्याच नाहीत. गाव सोडून गेल्या की जग सोडून गेल्या, ते कळले नाही. आमच्या धंद्यात रीत अशी आहे की न नेलेले काम विकायचे नाही, गिऱ्हाईक येईपर्यंत सांभाळायचे. पुढे मालक वारले, दुकान माझ्याकडे आले, त्याबरोबर पुस्तकही आले. काल मी 'माझे पुस्तक' असे सांगितले ते रागाच्या भरात. ते माझ्याकडे ठेवलेले आहे, इतकेच खरे.

चित्रांविषयी साहेबांनी विचारले. ती मी डोळे असताना पुष्कळ वर्षे पाहिलेली आहेत. त्यातली माणसे चौकोन आणि त्रिकोणांची आहेत. आकाश काळेकुट्ट, त्यात निळे हंस. एक म्हातारी आहे, तिच्या पाठीवर पोते. मधल्या दोन पानांवर मिळून एक तांबडा घोडा आहे, त्याचे पाय करवतीच्या दातांसारखे आणि मान इतकी लांब की पानाच्या वर निघून जाते. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटले, काढणाऱ्याने जन्मात घोडा पाहिला नसावा. नंतर वाटू लागले की मीच पाहिला नव्हता. चित्रे दगडावरून छापून वर हाताने रंग दिलेला आहे. रंग जाड आहे, त्यामुळे डोळे मिटून बोट फिरवले तरी घोडा कळतो.

मजकूर वाचता येत नसल्यामुळे मुलगी लहान असताना मी तिला चित्रांवरून मनानेच गोष्टी सांगत असे. घोड्याची गोष्ट दर वेळी वेगळी व्हायची आणि ती मला चुकीला पकडायची. म्हातारीला मात्र ती फार भ्यायची. म्हातारी पोत्यात मुले भरते असे मी सांगून बसलो होतो. हे फिर्यादीशी संबंधित नाही असे साहेबांचे म्हणणे आहे. संबंधित आहे, पुढे येईल.

मुलीने धंदा माझ्याकडूनच उचलला. ती डावखुरी आहे. सुरुवातीला मी तिला उजव्या हाताने शिवायला लावायचो, तिची आई त्यावरून माझ्याशी भांडायची. पण डाव्या हाताचा टाका माझ्यापेक्षा सरळ पडायला लागला, तेव्हा मी नाद सोडला. आता दुकान तीच चालवते. तिचे हात चांगले आहेत. ते मी तिला तोंडावर कधी बोललो नाही, म्हणून इथे नोंद व्हावी.

काचबिंदूने माझे डोळे हळूहळू गेले. त्यानंतर रोज सकाळी चहा झाला की खिडकीपाशी बसून पुस्तक मांडीवर घ्यायचे आणि एकेक पान बोटांनी पाहायचे, हा माझा नेम झाला. जेवणाची वेळ झाली की मुलगी खालून येते आणि म्हणते, 'हात बघू.' मग ओल्या फडक्याने माझी बोटे पुसते, एकेक करून, नखांपर्यंत. मला ते आवडत नसे. मी काही तान्हे बाळ नाही. पण बायको गेल्यापासून घरात वाद घालायला दोघेच उरलो आहोत, म्हणून मी हात पुढे करत असे.

दोन-तीन महिन्यांपूर्वी बाकावरचे गृहस्थ घरी आले. ते जुनी पुस्तके जमवतात. त्यांनी हातात सुती मोजे घातले होते, ते मला पान उलटण्याच्या आवाजावरून कळले. त्यांनी सांगितले की ही चित्रे रशियातल्या क्रांतीच्या सुमारास ज्या चित्रकारांनी सगळा जुना साचा मोडून टाकला, त्यांच्यातल्या एकीची आहेत, आणि या पुस्तकाच्या प्रती जगात मोजक्या राहिल्या आहेत. विकणार का, असे त्यांनी विचारले. मी आमची रीत सांगितली. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. मात्र जाताना माझा हात हातात घेऊन ते म्हणाले,

'आजोबा, तुम्ही रंगकाम करता का?'

'करतो की. इंद्रधनुष्याचं कंत्राट घेतलंय.'

आंधळ्या माणसाची टवाळी करतोय असे मला वाटले आणि तेव्हापासून ते माझ्या मनातून उतरले. ते आणि मुलगी खाली दुकानात बराच वेळ बोलत होते. काय बोलले ते मी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही.

त्यानंतर एकदा जेवताना मुलगी म्हणाली की बाबा, पुस्तक जरा कमी काढत चला, जुनं झालंय. मी म्हणालो, तुला डोळे आहेत, तू जग बघत बस, माझ्याकडे तेवढंच उरलंय. माझा आवाज चढला. मी ताटावरून उठलो. पुढे तिने तो विषय काढला नाही. हात पुसणे मात्र सुरूच राहिले.

आता बनावट पुस्तक कसे ओळखले ते सांगतो. गेले वर्षभर घोड्याची मान माझ्या बोटांना नीट जाणवत नव्हती. आधी शेपूट गेली, मग पाठ, मग मान. मला वाटले, बोटेही डोळ्यांच्या मागोमाग निघाली. हे मी कोणाला सांगितले नव्हते. काल सकाळी पुस्तक उघडले, तर घोड्याची मान खालपासून वरपर्यंत बोटाखाली आली. शेपूट आली. हंसांचे पंख आले. मला इतका आनंद झाला की मी घोड्याला दोनदा हाक मारली. बोटे परत आली, असे वाटले. जरा वेळाने डोके ठिकाणावर आले. पन्नास वर्षे मी पुस्तकेच हाताळली आहेत. पुस्तक म्हातारे होते, तरुण होत नाही. म्हणजे हे पुस्तक ते नव्हे.

मी आरडाओरडा केला. मुलगी माल पोचवायला गेली होती. शेजारचे शिंपी धावत आले. ते म्हणाले, मोजेवाला त्या दिवशी बराच वेळ खाली रेंगाळत होता, आमच्या हिचं पण लक्ष होतं. शिंप्यांच्या घरात सगळ्यांचेच सगळ्यांवर लक्ष असते. त्यांनी पुस्तक न उघडताच फडक्यात गुंडाळले आणि मला हाताला धरून इथे आणले. पुस्तक नीट तपासायला मला सवड मिळाली नाही, कारण इथे त्याला लगेच लाखेचे सील लागले. मी शिंप्यांना दोष देत नाही. 'भामटा' हा शब्द माझा होता.

घरी गेल्यावर मुलीला सगळे सांगितले. ती 'पोलिसात कशाला गेलात, बाबा' एवढेच म्हणाली. मी म्हणालो, चोरी झाल्यावर माणूस कुठे जातो? ती जेवली नाही. तिला माझी बाजू घ्यायलाही नको वाटते, असे मला वाटले आणि वाईट वाटले. आज सकाळी ती माझ्याबरोबर ठाण्यात आली. तिच्या खांद्यावर पिशवी होती, चालताना ती माझ्या कोपराला लागत होती.

आज साहेबांनी सील तोडून पुस्तक माझ्यासमोर ठेवले आणि हे बनावट कसे, ते दाखवा असे सांगितले. ते त्याला 'सदर मुद्देमाल' म्हणतात. मी अगोदर पुठ्ठा पाहिला. कापड तेच, तितकेच गुळगुळीत झालेले. पाने तितकीच, जाडी तीच. जिथे जिथे जुने पान फाटले होते तिथे तिथे हेही फाटलेले आणि वर तशीच चिकटपट्टी, खळ लावून केलेली, बाजारची नव्हे. एवढे काम करायला कोणाला महिना लागला असेल, माझ्या हिशेबी तर जास्तच. साहेबांनी पाहून सांगितले की आतली पाने कोरी आहेत. चित्रे नाहीत, फक्त जिथे चित्र असायला हवे तिथे बिनरंगी डिंकाची जाड रेघ ओढली आहे, घोड्याची, हंसाची, पोत्याची. साहेब म्हणाले, हे कसलं बनावट, हे कोणाला विकणार? मलाही तेव्हाच प्रथम शंका आली. बघणाऱ्या माणसाला फसवायला कोणी असे पुस्तक करत नाही.

मग मी शेवटचा फर्मा, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचा शेवटचा जुडगा, उघडून शिवण पाहिली. दोऱ्याची शेवटची गाठ प्रत्येक बाइंडरची आपली असते, सहीसारखी. मी गाठ मारली की शेपूट उजवीकडे पडते. या गाठीची शेपूट डावीकडे आहे. बाकी सगळे माझ्यासारखे केले आहे, गाठ मात्र हाताने आपल्या सवयीने मारली.

मी साहेबांना थांबा म्हणालो आणि म्हातारीचे पान काढले.

वर सांगितले की मुलगी म्हातारीला भ्यायची. सहा-सात वर्षांची असताना तिने दाभण घेऊन म्हातारीचे डोळे फोडले होते. पण तिच्या नजरेला नजर देण्याची छाती नव्हती, म्हणून पान उलटे करून, उजेडासमोर धरून, मागच्या बाजूने टोचले. त्यामुळे कागदाचा खरखरीत काठ पुढे, म्हातारीच्या तोंडावर आला, आणि एक भोक डोळ्याऐवजी गालावर पडले. मी रागावलो नाही. म्हटले, झालं, आता म्हातारी आंधळी झाली, आता तिला कोणी सापडत नाही. त्या रात्रीपासून पोरगी झोपायला लागली. ही गोष्ट तिच्या आईलाही माहीत नव्हती. आम्हा दोघांनाच माहीत होती.

इथल्या पुस्तकात ती भोके आहेत. मागून टोचलेली आहेत. एक गालावर आहे.

मी पुस्तक मिटले आणि साहेबांना म्हणालो की मला फिर्याद चालवायची नाही, मोजेवाल्यांना घरी जाऊ द्या. साहेबांनी कारण विचारले. मी म्हणालो, म्हाताऱ्याचा गैरसमज झाला. साहेबांनी विचारले, 'तुमची मुलगी डावखुरी आहे ना?' मी होय म्हणालो, आणि डाव्या हाताने काम करणारी माणसे पुष्कळ असतात, असेही म्हणालो. साहेबांनी तिला आत बोलावले. नका बोलावू, असे मी म्हटले होते. तीही नोंद करावी.

मुलगी आत आली. ती माझ्याशीच बोलली. तिचे शब्द मी सांगतो तसेच लिहावेत.

'बाबा, रंग तुमच्या बोटांना निघत होता. रोज दुपारी मी तुमचे हात पुसायचे ना, तेव्हा फडकं कधी निळं व्हायचं, कधी तांबडं. एकदा सांगायला गेले, तर तुम्ही ताटावरून उठलात. मग मला सांगवेना. पुस्तक काढून घ्यावं तर तुम्ही जगणार कशावर, आणि राहू द्यावं तर ते संपणार. म्हणून दुसरं केलं.'

मी विचारले, मान जाणवायची थांबली ती माझी बोटे गेली म्हणून नव्हे?

'बोटं चांगली आहेत तुमची. मान गेली, बाबा.'

यावर मी काय बोललो ते साहेबांनी लिहू नये.

मुलीने पिशवीतून मूळ पुस्तक काढून टेबलावर ठेवले. साहेब म्हणाले की फिर्याद निकालात काढायची तर फिर्यादीने वस्तू ओळखली पाहिजे, हातात घेऊन पाहा. मी हात लावला नाही. हात मांडीखाली घेऊन बसलो. साहेब थोडे चिडले, त्यांचेही बरोबर आहे. बाहेरून मोजेवाले आत आले होते, ते म्हणाले, त्यांना आग्रह करू नका. तेव्हा असे ठरले की साहेबांनी पाने उलटावीत, जे दिसेल ते सांगावे, आणि त्यावरून मी ओळख पटवावी. मोजेवाल्यांनी आपले मोजे साहेबांना दिले. ते त्यांना लहान झाले, पण त्यांनी घातले.

साहेबांनी सांगितले ते असे. पहिल्या पानावर घरे आहेत, त्रिकोणी, बरी आहेत. पुढे काळे आकाश आहे, मधोमध करडे पडले आहे. हंस तीन आहेत. मी म्हणालो, सात होते. पोतेवाली म्हातारी शाबूत आहे. तिच्या तोंडावर भोके आहेत, एक गालावर. तिला मी फारसा हात लावत नसे. मधल्या पानावर साहेब थांबले. मी विचारले, काय दिसतंय? ते म्हणाले, 'पाय आहेत खाली. चार. करवतीसारखे, तांबडे. वर पांढरं आहे सगळं.'

होय, तोच माझा घोडा. पुस्तक मी ओळखले.

सबब पुस्तक चोरीस गेलेले नाही. त्याची काही नासधूस झाली असेल तर ती माझ्या हातून झाली आहे, अन्य कोणाच्या नाही. माझी मुलीविरुद्ध अथवा अन्य कोणाविरुद्ध तक्रार नाही. बाकावर बसवलेल्या गृहस्थांची मी समक्ष माफी मागितली, ते 'असू द्या' म्हणाले. मूळ पुस्तक त्यांनी त्यांच्या ओळखीच्या संग्रहालयात ठेवण्यास न्यावे. विकत नव्हे, सांभाळायला. त्यासोबत चिठ्ठी असावी की पियानो शिकवणाऱ्या बाई किंवा त्यांचे कोणी आले तर हे त्यांचे आहे, शिलाई बाकी नाही.

साहेब म्हणतात की बनावट पुस्तक मुद्देमाल म्हणून ठाण्यात जमा राहील. माझी विनंती आहे की तसे करू नये. त्याला बनावट म्हणू नये, तो शब्दही मी मागे घेतो. त्यात घोडा पुरा आहे. ते मला आजच परत मिळावे, कारण उद्या सकाळी मला लागेल.

वरील जबाब मी पाहू शकत नसल्याने साहेबांनी तो मला सावकाश वाचून दाखवला. एका ठिकाणी 'घोडी' असे झाले होते, ते दुरुस्त करून घेतले. बाकी मी बोललो तसाच आहे. पूर्वी मी सही करत असे, आता ओळ सापडत नाही, म्हणून डाव्या हाताचा अंगठा उठवला आहे. अंगठ्याला शाई लागली आहे. मुलगी बाहेर आहे, हात पुसायला तिला आत बोलवावे.